शेवट आधी सांगणारी बेबीमावशी

बेबीमावशीच्या लायब्ररीतून कॉमिक घ्यायचं म्हणजे आधी त्याचा शेवट ऐकून घ्यायचा. यातून कोणाची सुटका नव्हती. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या पुस्तकांतून पोरगं एखादं निवडायचं, मावशी ते स्वतःच्या हातात घ्यायची, शेवटचं पान उघडायची आणि सरळ सांगून टाकायची, "चोर म्हणजे दिवाणजीच. राजकुमारी सापडते. कुत्रं जगतं. जा घेऊन." कुत्रं किंवा घोडा जगतो की नाही हे ती आवर्जून सांगायची. पोरं कानात बोटं घालायची, मोठमोठ्याने गाणी म्हणायची, पण काही उपयोग नसे. शेजारच्या कारखान्यात दिवसरात्र लूम खडखडायचे आणि त्या आवाजावर बोलून बोलून मावशीचा गळा तयार झाला होता.

तिच्या रिवाजाप्रमाणे मीही शेवट आधीच सांगून टाकतो. या हकिकतीत कोणी मरत नाही. मावशी खानदेशात आपल्या गावी आहे, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आहे. मी चित्रकथा काढून पोट भरतो आणि बऱ्यापैकी भरतो. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, ते माझ्यावर रागावलेले नाहीत. एवढं कळल्यावरही ज्याला पुढे वाचावंसं वाटेल त्याने वाचावं. मावशीच्या मते खरं गिऱ्हाईक तेच.

आमची गल्ली सुरतेत, लिंबायतला. गल्ली म्हणजे निम्मा खानदेश होता. शिरपूर, पारोळा, अमळनेर, नंदुरबार अशा गावांहून आलेली माणसं आपापल्या गावच्या विहिरीचं कौतुक करत सुरतेचं पाणी पीत होती. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, मिलमध्ये हिंदी आणि शाळेच्या वहीत मराठी अशी आमची वाटणी होती. मावशीची खोली गल्लीच्या तोंडाशी होती आणि तिला रस्त्याच्या बाजूने रुंद ओटा होता. त्या ओट्यावर दोन खांबांना नायलॉनची दोरी बांधून तिने ही लायब्ररी थाटली होती. पन्नाशीला आलेल्या, दारातून तिरकं व्हावं लागणाऱ्या या बाईला सगळी गल्ली बेबी म्हणायची आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. तिचं खरं नाव रेशनकार्डावर असेल, मी कधी पाहिलं नाही.

पुस्तकं ती रद्दीवाल्याकडून उचलायची. फाटलेली पानं साडीच्या दोऱ्याने शिवायची. त्यामुळे तिच्याकडच्या राक्षसांच्या पोटावरून, विमानांच्या पंखांवरून गुलाबी आणि पोपटी टाके गेलेले असत. चष्म्याची एक काडी तुटली होती, तिथेही तोच दोरा. मावशीची शाळा चौथीपर्यंत झालेली. हिंदी, गुजराती कॉमिकं ती एकेक अक्षर चाचपत वाचायची, पण त्याची तिला फिकीर नव्हती. कारण पुस्तक दोरीवर लटकवण्याच्या लायकीचं आहे की नाही हे ठरवायची तिची एक वेगळीच पद्धत होती.

ओट्यावर दुपारी गल्लीतल्या चारपाच बाया बसत. एम्ब्रॉयडरी झालेल्या साड्यांच्या मागे दोरे लोंबतात, ते कात्रीने कापून द्यायचं काम त्या घरी आणत. त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. नवीन पुस्तक आलं की मावशी ते त्यांच्यासमोर धरायची, पात्रांच्या तोंडून निघणारे शब्दांचे फुगे तळहाताने झाकायची आणि विचारायची, "सांगा, काय चाललंय?" बायांना गोष्ट सांगता आली तर पुस्तक दोरीवर चढायचं. नाही आली तर पेटीत तळाला जायचं, मग त्यावर कितीही नावाजलेला नायक असो. "शब्द झाकल्यावर जे उरतं तेवढंच चित्र," असं ती म्हणायची. ती हे फार मोठी गोष्ट सांगतेय अशा थाटात म्हणायची, आणि मला तेव्हा तिचा तो थाट बघून हसू यायचं. तिची परीक्षा नेहमी बरोबर असे असंही नाही. कितीतरी चांगली पुस्तकं केवळ त्या दिवशी बायांचं एकमेकींशी वाजलं होतं म्हणून पेटीत गेली.

मी या ओट्यावर लहानाचा मोठा झालो. अक्षरं शाळेत शिकलो असेन, पण बोटं, नाक, घोड्याचे पाय हे सगळं मी मावशीच्या दोरीखाली बसून उतरवून काढत शिकलो. सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी बी.कॉम. झालो. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. नानांनी गल्लीत पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात रिंग रोडवरच्या एका साडीवाल्या शेठकडे माझ्यासाठी शब्द टाकला. शेठ म्हणाले, दिवाळीनंतर लाभपाचमला मार्केट उघडेल, त्या दिवशी मुहूर्तावर मुलाला गादीवर हिशेबाला बसवा.

माझा बेत निराळा होता. मला कॉमिकं काढायची होती, जन्मभर, दुसरं काही न करता. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते रागावले नाहीत. मी कॉलेजात गेल्यापासून नाना माझ्याशी अहिराणी सोडून शुद्ध मराठीत बोलायचे, घरात कोणी साहेब आल्यासारखे. त्याच मराठीत ते "बघू" म्हणाले आणि डबा उचलून शहराबाहेर सचिन गावाला मिलमध्ये निघून गेले. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा विषय काढला तेव्हा तेव्हा उत्तर हेच. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र बसलं, तरी नानांचं "बघू" जागचं हललं नाही. आणि लाभपाचम तर जवळ येत होती.

"बघू म्हणजे हो का नाही?" मावशीने विचारलं.

"दोन्ही नाही."

"मग ते उत्तर कशाचं? टांगायचं ते पुस्तक, दोरीवर. माणसाला कोणी टांगून ठेवतं का?" मावशी समजावायला लागली की मराठीत यायची आणि चिडली की अहिराणीत जायची. त्या दिवशी ती अजून मराठीत होती. "बरं, तुझं काम दाखव. बघूच त्यात दम आहे का."

मी वर्षभर खपून एक कॉमिक रचलं होतं. त्याचा नायक तापी नदीतून जन्माला येतो, उडतो, आणि गुंडांना पुलावरून खाली फेकतो. नाव तापीपुत्र. दंड असे काढले होते की त्यांना स्वतंत्र शर्ट लागला असता. मावशीने रिवाजाप्रमाणे फुगे झाकले आणि पुस्तक बायांसमोर धरलं. कौतिकबाई म्हणून एक होती, सर्वांत वयस्कर, तिने कात्री खाली ठेवली आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"मांगे पदर काबर सोडेल शे यानी?" तिने विचारलं.

तो पदर नाही, झूल आहे, उडताना लागते, असं मी सांगायला लागलो तर सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मावशी हसली नाही. तिने तापीपुत्राला मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हा पेटीत. आता तुझा बेत सांग. शिकलास, पास झालास, आता पुढे काय?"

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. मुंबईला जाणार, दिल्लीला नमुने पाठवणार, अमुक प्रकाशकाला भेटणार, तमुक चित्रकाराच्या हाताखाली राहणार. मावशीने मला मध्येच थांबवलं.

"हे सगळं मधलं झालं. शेवट सांग."

"शेवट कसा सांगू मावशी? अजून सुरुवातच नाही."

"मग तुझ्या बापाने कशाला हो म्हणायचं? त्याला काय दिसतंय? त्याला नुसतं धुकं दिसतंय. तू एक कर. तुझ्या बेताचंच कॉमिक काढ, आणि शेवटचं पान आधी काढून आण. सगळं झाल्यावर तू कुठे बसलेला आहेस, कसा आहेस, ते काढ. मग आपण मागे मागे येऊ, पार आजपर्यंत."

मला ही कल्पना हास्यास्पद वाटली. पण घरी गेलो, कागद काढला आणि मान वर केली तेव्हा पान झालेलं होतं. मुंबईतला माझा स्टुडिओ. पांढऱ्या भिंती, मोठं तिरकं टेबल, वरून सोडलेला दिवा, त्याखाली मी बसलेलो, आणि भोवती हातात फुलांचे गुच्छ घेऊन उभे असलेले चाहते. एकही शब्द घातला नव्हता. शेवट मला स्वतःला फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मावशीने तो बायांसमोर धरला. बायांच्या कात्र्या थांबल्या. कौतिकबाईचा चेहरा उतरला.

"पोऱ्या दवाखानामा शे का?" तिने हळूच विचारलं. तिरकं टेबल तिला खाट वाटलं होतं, वरचा दिवा ऑपरेशनचा, आणि फुलंवाले लोक भेटायला आलेले. दुसरी म्हणाली, एवढे परके लोक भेटायला आले आणि आई कशी दिसत नाही? तिसरीने तर मला प्रत्यक्षच विचारलं, काय दुखतंय रे तुला?

मी संतापलो. यांना स्टुडिओ माहीत नाही, चाहते माहीत नाहीत, त्यांनी माझ्या आयुष्याचं शेवटचं पान का म्हणून तपासावं? मावशी मात्र ते पान डोळ्यांजवळ धरून पाहत होती. ती म्हणाली, "सुनील, त्या काही खोटं नाही बोलत. यात तुझं असं कोणीच नाही. आई नाही, बाप नाही, गल्ली नाही. तू स्वतःचा शेवट दवाखान्यात करतोस आणि बापाकडून हो मागतोस?"

मी पान उचलून घरी आलो. आई भाकरी थापत होती. नाना मिलमधून आले, डबा खिडकीत ठेवला आणि पाय धुवायला मोरीत गेले. मी नुसता बघत बसलो. बघता बघता हात चालायला लागला. हीच खोली. खिडकीखाली पाट मांडून मी चित्र काढतोय. आई चहाचा कप माझ्या शाईच्या बाटलीपासून लांब ठेवतेय. मावशीचा ओटा दारातून दिसतोय. आणि नाना डबा घेऊन दारात पोचलेत, आत येताना थबकून माझा कागद बघतायत. नानांचा हात मी नीट काढला. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. मी जन्मायच्या आधी मिलमध्ये गेलं. यापलीकडे त्या बोटाबद्दल आमच्या घरात कोणी काही बोलत नसे.

या वेळी मावशीने पान उघडायचा अवकाश, कौतिकबाई ओरडली, "हाऊ तं नानाभाऊ!" मग बायांनी एकमेकींच्या हातातून पान ओढून गोष्ट सांगायचा सपाटा लावला. पोरगं कामाला लागलंय, घरातच आहे, आई चहा देतेय, बाप घरी आलाय, सगळं ठीक आहे. एकीने तर आईने कप का लांब ठेवलाय तेही ओळखलं. मावशीने चष्मा सारखा केला. मी कधी तिच्या तोंडून कोणाची स्तुती ऐकली नव्हती, त्या दिवशीही ऐकली नाही. ती एवढंच म्हणाली, "रविवारी नानाभाऊंना माझ्याकडे चहाला घेऊन ये."

रविवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर आले. मावशीने चहा दिला आणि काही प्रस्तावना न करता ते पान त्यांच्या हातात ठेवलं. मी खांबाला टेकून उभा होतो. नानांनी पान लांब धरलं, जवळ धरलं. मग ते म्हणाले, "मी डबा डाव्या हातात धरतो, हे तुला माहीत होतं?"

"रोज बघतो ना नाना."

नाना पुन्हा पानाकडे बघायला लागले. मग ते जे बोलले ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गावाहून आल्यावर मिलमधला पहिलाच आठवडा होता. कापड ओढणारे दोन रोल होते आणि वर पाटी होती. पाटी गुजरातीत होती. नाना तिला कारखान्याचं नाव समजले. "चालत्या मशीनमध्ये हात घालू नये, असं लिहिलं होतं म्हणे त्यावर," नाना चहात बघत म्हणाले. "नंतर दवाखान्यात एकाने वाचून दाखवलं." आणि ते थोडेसे हसले.

मावशीने त्यांना डोळे पुसायला वेळ दिला नाही. "भाऊ, मग याचा शेवट सांगा आता. हो का नाही?"

"बघू," नाना म्हणाले.

झालं. मावशी अहिराणीत गेली. ती इतक्या वेगाने बोलत होती की लूमसुद्धा मागे पडला असता. त्यातून जे कळलं ते असं. एका वर्षी तापीला मोठा पूर आला होता. मावशीचे यजमान शांतारामकाका तापीच्या मुखाशी, हजीऱ्याच्या बाजूला एका कंपनीत पाण्याच्या पंपावर होते आणि तिकडेच अडकले. मावशीचं लग्न नुकतंच झालेलं, सुरतेत ओळखीचं कोणी नाही. कोणी येऊन सांगायचं, तो ट्रकवर दिसला. कोणी सांगायचं, तिकडचं कोणी वाचलं नाही. एक आशा लावून जायचा, दुसरा ती काढून न्यायचा. तिसऱ्या दिवशी शांतारामकाका गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, हातात दोन पाव घेऊन, बाजारातून आल्यासारखे दारात उभे राहिले.

"आणि मी काय केलं माहितीये भाऊ?" इथे मावशी परत मराठीत आली. "आधी त्याला लाटण्याने मारलं. मग रडले. तो मेला असता तर मी सोसलं असतं, परत आला ते तर देवाने दिलं. पण ते मधलं काही मला सोसलं नाही. तेव्हापासून मला शेवट आधी लागतो. वाईट असला तरी चालेल, पण आधी सांगा. पोराला नाही म्हणा, तो मार्केटात जाईल, रडेल, जगेल. पण त्याला असं टांगू नका."

इतकी वर्षं आम्ही पोरं समजत होतो, की मावशीला आमची मजा घालवण्यात आनंद वाटतो. नानांनी ते पान घडी न घालता उचललं, "हे माझ्याकडे राहू दे," म्हणाले आणि निघून गेले. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "मी केलं तेवढं केलं. आता तुझा बाप जाणे."

पुढचे काही दिवस नाना ते पान डब्याच्या पिशवीत घालून मिलमध्ये नेत होते आणि संध्याकाळी परत आणत होते. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. एका संध्याकाळी ते आले, डबा खिडकीत ठेवला आणि पाय न धुताच माझ्यासमोर बसले. त्यांनी पान काढून पाटावर ठेवलं. त्यावर हळदीचे, तेलाचे, रंगाचे कसले कसले बोटांचे ठसे उमटले होते.

नानांनी मिलमध्ये बेबीमावशीचा उद्योग केला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पान एका ओडिया कामगाराला दाखवलं, मग एका बिहारीला, मग तेलुगू बोलणाऱ्या दोघांना, आणि प्रत्येकाला खुणेने विचारलं, सांग, काय चाललंय? सगळ्यांनी बरोबर सांगितलं. एकमेकांची भाषा न कळणारी ती माणसं त्या एका पानावर डोकी जोडून बसली होती. "तो ओडिया पोरगा आहे ना, नवीन लागलेला," नाना म्हणाले, "त्याने पानावरच्या माझ्या हाताला बोट लावलं, मग माझा खरा हात धरला आणि विचारलं, हे कसं झालं?"

आणि मी कॉलेजात गेल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याशी आमच्या भाषेत बोलले. "सुनील, आते आधीनं काढ. बोट कसं गयं ते काढ. मी तठे मिलमा भिताडले लावसू."

माझा जीव भांड्यात पडला असं म्हणणं कमीच आहे. मला धड रडता येईना, धड हसता येईना. आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती, ती उठली आणि तिने माझ्या शाईच्या बाटलीजवळचा चहाचा कप उचलून लांब ठेवला. मी तसाच पळत ओट्यावर गेलो. मावशी दोरीवरची पुस्तकं उतरवत होती. मी धापा टाकत सुरुवातीपासून सांगायला लागलो, नाना आले, डबा ठेवला, पाय धुतले नाहीत...

"शेवट," मावशी म्हणाली.

"हो म्हणाले."

ती ओट्यावर मटकन बसली. हातातला पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हं. आता सांग सगळं, सावकाश."

नानांच्या बोटाची ती चित्रकथा मी एका बैठकीत नाही, चांगली पंधरवडाभर काढली. एक शब्द नाही त्यात. नवीन कामगार येतो, पाटी बघतो, त्याला कळत नाही, कापड अडकतं, हात पुढे जातो. तीही आधी बायांनी पाहिली. कौतिकबाईने हाताच्या चित्राशी येताच डोळे मिटून घेतले, तेव्हा मावशी म्हणाली, "ही दोरीवर." मिलच्या मॅनेजरने ती जेवणघराच्या भिंतीवर लावायला परवानगी दिली. मग शेजारच्या कारखान्याचा माणूस विचारायला आला, आम्हाला केमिकलच्या पिंपांबद्दल असंच काही काढून द्याल का. सचिनहून काम हजीऱ्यापर्यंत गेलं. प्रत्येक कारखान्यात दहा मुलखांची माणसं आणि भिंतीवर एकाच भाषेतली पाटी, अशी सगळीकडे तीच अडचण होती. पहिली काही वर्षं मी साड्यांच्या खोक्यांवरचे मोरही काढले, नाही असं नाही. पण माझा धंदा कोणता, हे कोणी विचारलं तर मला अडखळावं लागत नव्हतं.

त्या वर्षी लाभपाचमला नाना स्वतः रिंग रोडला गेले, शेठना हात जोडून नाही म्हणाले आणि परत येताना एक नारळ घेऊन आले. मार्केटात त्या दिवशी गाद्यांची पूजा होते. आमच्या खोलीत पाटावर माझी शाईची बाटली ठेवून नानांनी तिला कुंकू लावलं. मावशीने नारळ फोडला. शांतारामकाका म्हणाले, "पोरगं नाव काढेल," तर मावशी त्यांच्यावरच घसरली, "पुढचं कशाला बोलता? दिवस चांगला आहे, खोबरं खा."

मावशीची लायब्ररी मात्र टिकली नाही. गल्लीत घरोघरी केबलची वायर आली आणि दोरीखालची पोरं एकेक करून टीव्हीसमोर जाऊन बसली. मला वाटलं तिला फार लागेल. मी चेहरा पाडून तिच्याकडे गेलो तर ती म्हणाली, "मला हे तुझ्या आधीच कळलं होतं रे. तुला कॉमिकं काढ म्हणत होते तेव्हा माझी निम्मी दोरी रिकामी होती. पण पोरं बघत नाहीत म्हणून बघणारी माणसं संपली का?" शांतारामकाका रिटायर झाले तेव्हा तिने गावी जायचं ठरवलं. पुस्तकं रद्दीत घातली नाहीत. गल्लीतल्या पोरांना बोलावलं आणि जाहीर केलं, ज्याला ज्या पुस्तकाचा शेवट सांगता येईल त्याने ते घरी न्यावं. दिवस मावळायच्या आत दोरी रिकामी झाली, कारण प्रत्येकाला सगळे शेवट पाठ होते.

उधना स्टेशनवर भुसावळच्या गाडीत त्यांना बसवून द्यायला मी गेलो होतो. खिडकीशी उभा राहून मी विचारलं, "परत येशील ना मावशी?" सगळे असं विचारतात आणि जाणारे हो म्हणतात. मावशी म्हणाली, "नाही येणार. तू येशील." गाडी हलली आणि मला रडू आलं नाही, याचं मला फार नवल वाटलं.

तिचं खरं ठरायला काही वर्षं गेली. नानांच्या हकिकतीवरून मी पुरं पुस्तक काढलं, आणि ते छापूनही आलं. पहिली प्रत घेऊन मी तिच्या गावी गेलो. मावशी थकली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी होती, पण माझं पाऊल ओळखून तिने आवाज दिला तो शेजारच्या चार घरांना ऐकू गेला. तिने पुस्तक घेतलं, कव्हर हाताने चाचपलं आणि अर्थातच शेवटचं पान उघडलं. त्या पानावर दिवस मावळताना मिलचं फाटक आहे. एक तरुण कामगार डबा हलवत घराकडे निघाला आहे. डबा उजव्या हातात आहे. माझ्या पुस्तकात फाटकाआतल्या भिंतीवर पाटीऐवजी चित्र असतं, आणि ते बघून तो हात मागे घेतो.

मावशीने पान एका डोळ्याजवळ नेलं. तिचं बोट त्या चित्रातल्या हातांवरून सरकत राहिलं, एका बोटावरून दुसऱ्यावर, अगदी सावकाश.

"दाही बोटं शेतस," ती म्हणाली. "हाऊ नानाभाऊ ना?"

"हो मावशी."

तिने मोठा श्वास सोडला, पुस्तक पहिल्या पानावर आणलं, मांडी सारखी केली आणि मला जवळ ओढून बसवलं.

"बरं व्हयनं. आते सुरुवात दखाड."